आजारी रजा आणि वाटाघाटींचा हक्क

केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आणल्या. त्यानंतर पंधरवडाही उलटला नाही तोच देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीचे वेळापत्रक कोलमडले. ५ डिसेंबर या एका दिवसात इंडिगोची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि ठिकठिकाणच्या विमानतळांवर प्रवासी सामानासह तासन्‌तास ताटकळत राहिले. वरवर पाहता या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. एक घटना कायद्याच्या पुस्तकातली, दुसरी वैमानिकांच्या कामाच्या पाळ्यांमधली. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. कामाचे तास, विश्रांती, वेतन आणि बडतर्फी या गोष्टी कोणी, कोणाशी आणि कोठे बसून ठरवायच्या, हा तो प्रश्न होय. विमान वाहतुकीच्या क्षेत्रात या प्रश्नाचे उत्तर देण्याचे आजवर सर्वांनीच टाळले आहे.

डिसेंबरमधील गोंधळाचे तात्कालिक कारण सर्वांना ठाऊक आहे. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारा आणि रात्री विमान उतरवण्याची मर्यादा आठवड्याला सहावरून दोनवर आणणारा नियम टप्प्याटप्प्याने लागू झाला होता. त्याचा अखेरचा टप्पा १ नोव्हेंबरपासून अमलात यायचा होता. त्यासाठी लागणारी तयारी कंपनीने केलेली नव्हती, आणि शेवटी काही तरतुदींतून तिला तात्पुरती सूट द्यावी लागली. हा नियम कसा आला, याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले. कंपन्या आणि वैमानिक यांच्यातील करारातून तो आलेला नाही. वैमानिकांच्या संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला न्यायालयापुढे अंमलबजावणीच्या तारखा द्याव्या लागल्या. झोप किती मिळावी, यासारखी साधी गोष्ट ठरवण्यासाठी शेकडो प्रवाशांचा जीव ज्यांच्या हाती असतो त्या माणसांना वर्षानुवर्षे न्यायालयाची पायरी चढावी लागली, याचा अर्थ कंपन्यांच्या कार्यालयांत त्यांच्यासाठी टेबल मांडलेलेच नव्हते.

हे टेबल का नाही, याचे उत्तर जुन्या इतिहासात सापडते. भारतात कामगार संघटनेची नोंदणी करण्याचा हक्क १९२६ च्या कायद्याने दिला. परंतु नोंदणी ही एक गोष्ट आणि मान्यता ही दुसरी. नोंदणीमुळे संघटनेला कायदेशीर अस्तित्व मिळते. मालकाने तिच्याशी बोललेच पाहिजे असे बंधन त्यातून निर्माण होत नाही. सक्तीच्या मान्यतेची तरतूद करणारी दुरुस्ती १९४७ मध्ये संमत झाली, पण ती कधीच अमलात आणली गेली नाही. १९५८ च्या शिस्तसंहितेने मान्यतेचे निकष सांगितले. मात्र ती संहिता स्वेच्छेची होती. न्यायमूर्ती प्रल्हाद गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ च्या अहवालात मान्यता सक्तीची करावी अशी शिफारस केली. महाराष्ट्राने १९७१ मध्ये स्वतःचा कायदा करून, सलग सहा महिने किमान तीस टक्के सभासद असलेल्या संघटनेला मान्यता मिळवण्याचा मार्ग खुला केला. केंद्राने मात्र तसा कायदा केला नाही. आणि विमान वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत असल्यामुळे, सांताक्रूझच्या विमानतळावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला त्याच्या शेजारच्या कारखान्यातील कामगाराइतकेही संरक्षण मिळाले नाही.

विमानसेवा सरकारी मालकीची होती तोवर ही उणीव फारशी जाणवली नाही. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाल्यापासून एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन महामंडळांत वैमानिक, अभियंते, विमानसेविका आणि जमिनीवरील कर्मचारी यांच्या संघटना उभ्या राहिल्या. सरकार मालक असल्याने त्यांच्याशी करार होत गेले. त्या व्यवस्थेलाही मर्यादा होत्याच. पहिल्या गर्भारपणाबरोबर विमानसेविकेची नोकरी संपवणारा नियम रद्द व्हायला १९८१ मधील नर्गेश मिर्झा खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. तरीही तक्रार कोणाकडे न्यायची आणि करार कोणी करायचा, याविषयी तेथे संभ्रम नव्हता.

खाजगी कंपन्या आल्या आणि चित्र पालटले. मुंबईचे उदाहरण बोलके आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने शेकडो कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी पाठवले. आणखीही काहींना काढण्याचा बेत होता. गणवेशातील तरुण-तरुणी रडत रस्त्यावर उतरल्याची छायाचित्रे देशभर झळकली. ज्यांच्या वतीने बोलणारी मान्यताप्राप्त संघटना नव्हती, असे हे कर्मचारी राज ठाकरे यांच्या दारी गेले. मुंबईतून जेटची विमाने उडू देणार नाही, असा इशारा त्यांच्या पक्षाने दिला. आणि इतरही दडपणे असतील, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांना परत घेण्यात आले. कर्मचाऱ्यांना नोकऱ्या मिळाल्या, याचा आनंद कोणालाही होईल. पण ज्या हक्काची हमी कायद्याने द्यायची, तो हक्क एखाद्या पुढाऱ्याच्या मर्जीतून मिळाला तर पुढच्या वेळी तो मिळेलच याची शाश्वती कोण देणार? एप्रिल २०१९ मध्ये जेटची विमाने कायमची जमिनीवर आली, तेव्हा थकलेल्या पगारासाठी हेच कर्मचारी पुन्हा दारोदार फिरले आणि या वेळी कोणाच्याही इशाऱ्याचा उपयोग झाला नाही.

पुढाऱ्याच्या दारानंतरचा दुसरा मार्ग म्हणजे आजारी रजा. २००९ मध्ये जेटच्या वैमानिकांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड ही संघटना स्थापन केली. तिच्या कामात पुढाकार घेणाऱ्या वैमानिकांना कंपनीने काढले, आणि ८ सप्टेंबरपासून शेकडो वैमानिक एकाच वेळी ‘आजारी’ पडले. पाच दिवस उड्डाणे विस्कळीत झाल्यावर तडजोड झाली आणि काढलेले वैमानिक परत आले. जुलै २०२२ मध्ये इंडिगोच्या केबिन कर्मचाऱ्यांनी आणि पाठोपाठ तंत्रज्ञांनीही हाच मार्ग पत्करला. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये त्याचीच पुनरावृत्ती झाली. विलीनीकरणातील अन्यायाच्या तक्रारी संघटनेने श्रम खात्याकडे आधीच नेल्या होत्या. त्यांची तड लागली नाही, तेव्हा केबिन कर्मचारी सामुदायिक रजेवर गेले, शंभराहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि कंपनीने काही जणांना बडतर्फ केले. ९ मे रोजी केंद्रीय मुख्य श्रमायुक्तांच्या कार्यालयात बैठक झाली आणि एका दिवसात बडतर्फीही मागे घेतली गेली आणि कर्मचारीही कामावर परतले. जे बोलणे एका दिवसात होऊ शकत होते, ते आधीच्या कित्येक महिन्यांत का झाले नाही, याचे उत्तर दोन्ही पक्षांनी द्यायला हवे. पण बोलण्याचे बंधन ज्याच्यावर कायद्याने नव्हते त्या पक्षाने ते आधी द्यायला हवे.

आजारी नसताना आजारी असल्याचे कळवणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण नव्हे, असे कोणी म्हटल्यास ते नाकारता येणार नाही. परंतु असे खोटे बोलणे ज्यांच्या नशिबी येते त्यांच्यापुढे खरे बोलण्याची कोणती सोय आहे, हेही पाहिले पाहिजे. विमानसेवा ही सार्वजनिक उपयुक्ततेची सेवा मानली गेल्याने नोटिशीवाचून संप करणे आधीपासूनच बेकायदा होते. नोटीस दिली की समेटाची कार्यवाही सुरू होते आणि ती चालू असेतो संप करता येत नाही. नोकरी सोडून दुसरीकडे जावे म्हटले, तर २०१७ च्या नियमानुसार विमानाच्या कप्तानाला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची आगाऊ सूचना द्यावी लागते. थोडक्यात, संप करता येत नाही, नोकरी चटकन सोडता येत नाही आणि संघटनेमार्फत बोलता येत नाही. तिन्ही दारे बंद केल्यावर माणूस खिडकीतून बाहेर पडला, तर केवळ त्याच्या वर्तनावर प्रवचन देऊन भागत नाही.

नव्या औद्योगिक संबंध संहितेने या परिस्थितीत दोन बदल केले आहेत. पन्नास टक्के किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली नैमित्तिक रजा हा आता संपच मानला जाईल. म्हणजे खिडकीलाही गज बसवण्यास सुरुवात झाली आहे. त्याचबरोबर, वाटाघाटी करणारी संघटना ही संकल्पना प्रथमच केंद्रीय कायद्यात सक्तीच्या स्वरूपात आली आहे, आणि हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह आहे. एकाहून अधिक संघटना असतील तेथे हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटींची एकमेव अधिकारी ठरेल. तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल तर किमान वीस टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद बनेल. गजेंद्रगडकर आयोगाने जे सुचवले त्याचा काही अंश पन्नासहून अधिक वर्षांनी का होईना, पदरात पडला आहे.

प्रश्न आहे तो ५१ टक्क्यांच्या मोजणीचा. हे ५१ टक्के कशाचे, याला फार महत्त्व आहे, आणि ते समजण्यासाठी अमेरिकेतील अनुभव पाहणे उपयोगी ठरेल. तेथील विमान कर्मचाऱ्यांना १९२६ चा रेल्वे कामगार कायदा लागू आहे; १९३६ मध्ये तो विमान कंपन्यांपर्यंत वाढवण्यात आला. कोणत्या संघटनेने बोलायचे हे राष्ट्रीय मध्यस्थी मंडळ कर्मचाऱ्यांचे मतदान घेऊन ठरवते. सुमारे पाऊण शतक या मतदानाचा नियम असा होता की, मतदान करणाऱ्यांचे नव्हे तर एकूण पात्र कर्मचाऱ्यांचे बहुमत संघटनेला मिळायला हवे. जो मत देणार नाही तो विरोधात आहे, असे गृहीत धरले जाई. एक हजार कर्मचाऱ्यांपैकी सहाशेंनी मतदान केले आणि त्यांतील चारशे संघटनेच्या बाजूने पडले, तरी संघटना हरत असे. रजेवर असलेला, पत्ता बदललेला, कंटाळलेला आणि घाबरलेला असे सर्वजण व्यवस्थापनाच्या पारड्यात मोजले जात.

डेल्टा या बलाढ्य कंपनीच्या विमानसेविकांनी आणि सेवकांनी या नियमाचा फटका अनुभवला. २००८ मधील मतदानात मत देणाऱ्यांपैकी जवळजवळ सर्वांनी संघटनेला कौल दिला. पण मतदान सुमारे चाळीस टक्केच झाल्यामुळे निवडणूक वाया गेली. २०१० मध्ये मध्यस्थी मंडळाने नियम बदलला आणि झालेल्या मतदानातील बहुमत पुरेसे ठरवले. कंपन्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले, पण नियम टिकला. त्याच वर्षी डेल्टात पुन्हा मतदान झाले. दहापैकी नऊहून अधिक कर्मचाऱ्यांनी मत दिले आणि संघटना थोडक्या मतांनी हरली. सुमारे ५१ टक्के मते विरोधात गेली. सोयीचा नियम येऊनही संघटना हरली, म्हणून नियम बदलणे व्यर्थ होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. आधीच्या निवडणुकीत मौनाचा अर्थ लावला गेला. या वेळी कर्मचाऱ्यांनी तोंडाने उत्तर दिले. हरलेल्यालाही मान्य करावा लागेल असा निकाल देणे, हेच न्याय्य पद्धतीचे काम असते. अमेरिकेतील गाडी सरळ रुळावरून धावते आहे असेही नव्हे. २०१२ च्या कायद्याने मतदान मागण्यासाठीच निम्म्या कर्मचाऱ्यांच्या सह्या आवश्यक केल्या. २०१९ मध्ये डेल्टाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी लावलेले एक भित्तिपत्रक गाजले. संघटनेची वर्षाची वर्गणी सुमारे सातशे डॉलर होते. त्याऐवजी व्हिडिओ खेळाचे नवे यंत्र घ्यावे, असा सल्ला त्यात होता!

संघटनेला विरोध करणाऱ्यांचा सर्वांत भक्कम युक्तिवाद डेल्टाच्याच उदाहरणातून निघतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. या कंपनीत वैमानिकांची संघटना आहे. पण विमानसेविकांची आणि जमिनीवरील बहुसंख्य कर्मचाऱ्यांची नाही. तरीही कंपनी त्यांना नफ्यात घसघशीत वाटा देते. विमानात प्रवासी चढत असतानाच्या कामाचे वेतन विमानसेविकांना न देण्याची जुनी प्रथा अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांमध्ये तिनेच प्रथम, २०२२ मध्ये, अंशतः मोडली. मग संघटना हवी कशाला? याचे उत्तर असे की, शेजारच्या कंपन्यांत संघटना आहेत म्हणून डेल्टाला ही उदारता परवडते आणि आवश्यकही वाटते. अमेरिकन एअरलाइन्सच्या सेविकांनी तेच वेतन २०२४ च्या करारात लिहून घेतले. एकीकडे व्यवस्थापनाचा निर्णय आहे आणि दुसरीकडे करार आहे. जो निर्णय एकतर्फी घेतला जातो तो एकतर्फी फिरवताही येतो. २०२० मध्ये महासाथीच्या काळात इंडिगोने आधी पगार कापले आणि जुलैत दहा टक्के कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली. तोटा प्रचंड होता, हे खरेच. परंतु झीज कोणी किती सोसायची आणि चांगले दिवस आल्यावर ती कशी भरून द्यायची, हे ठरवताना दुसऱ्या बाजूला कोणी बसलेलेच नव्हते.

५१ टक्क्यांच्या नव्या अटीकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. हजेरीपटावरील एकूण कामगारांच्या ५१ टक्के पाठिंबा मागणे म्हणजे अमेरिकेने २०१० मध्ये टाकून दिलेली मोजणीची रीत आपण २०२५ मध्ये स्वीकारणे होय. विमान कंपनीचे कर्मचारी एका गिरणीच्या फाटकातून रोज आत-बाहेर करणारे नसतात. ते अनेक शहरांत विखुरलेले असतात, त्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या असतात आणि पुष्कळसे दोन-तीन वर्षांत नोकरी बदलतात. सामान चढवणारे आणि विमान धुणारे तर बहुधा वेगळ्याच कंपनीच्या हजेरीपटावर, ठरावीक मुदतीच्या करारावर असतात. जुलै २०२४ मध्ये कलिना येथे अशा सुमारे २,२०० जागांसाठी हजारो तरुणांची झुंबड उडाली आणि चेंगराचेंगरी होता होता टळली. दाराबाहेर एवढी रांग उभी असताना दाराच्या आत असलेला तरुण संघटनेच्या अर्जावर उघडपणे सही करील, ही अपेक्षा फार मोठी आहे. म्हणून पाठिंबा सभासदांच्या याद्या तपासून नव्हे, तर गुप्त मतदानाने ठरावा आणि मोजणी झालेल्या मतांची व्हावी, ही मागणी रास्त आहे.

गुप्त मतदानाचे महत्त्व महाराष्ट्राला तरी कोणी शिकवण्याची गरज नाही. मुंबईच्या गिरण्यांत १९४६ च्या कायद्याने एकाच प्रातिनिधिक संघटनेला बोलण्याचा अधिकार होता. कामगार एकीकडे आणि कायद्याने मानलेली संघटना दुसरीकडे अशी स्थिती झाली, तेव्हा १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो कायदा रद्द व्हावा, ही त्या संपाची एक प्रमुख मागणी होती. गिरण्या बुडण्याची इतरही कारणे होती. पण ज्याच्याशी बोलायचे त्याला कायदा ओळखत नाही आणि ज्याला कायदा ओळखतो त्याचे कामगार ऐकत नाहीत, या कोंडीने तडजोडीच्या वाटा बंद केल्या. मान्यता न देणे जितके घातक, तितकेच चुकीच्या संघटनेला मान्यता देऊन ठेवणे घातक ठरते.

या चर्चेत प्रवाशाला विसरून चालणार नाही, आणि संघटनांचे दोषही झाकून ठेवता येणार नाहीत. एअर इंडियात २०११ मध्ये वैमानिकांच्या एका संघटनेचा दहा दिवसांचा आणि २०१२ मध्ये दुसऱ्या संघटनेचा तब्बल ५८ दिवसांचा संप झाला. दोन विमानसेवांच्या विलीनीकरणानंतर वेतनाची आणि बढतीची समानता कशी साधायची, या वादात एका गटाचा लाभ दुसऱ्या गटाला तोटा वाटत होता. दोन्ही वेळा संबंधित संघटनांची मान्यता काढून घेण्यात आली. कर्जाच्या ओझ्याखालील संस्थेच्या हिताचा विचार त्या काळात किती झाला, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. परंतु मान्यता काढल्याने वाद मिटला नाही, हेही तितकेच खरे. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅनडात एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक विमानसेविका-सेवकांनी संप सुरू केला, तेव्हा सरकारने बारा तासांच्या आत कामावर परतण्याचा मार्ग अवलंबला. संघटनेने आदेश धुडकावला, आणि विमाने पुन्हा उडाली ती तीन दिवसांनी वाटाघाटी झाल्यावरच. हुकूम काढून माणसाला विमानापर्यंत आणता येईल. पण ज्या कामात सावधपणा हेच भांडवल आहे, ते त्याच्याकडून धाकाने करून घेता येत नाही.

या दृष्टीने पाहिले तर प्रवाशाचे आणि कर्मचाऱ्याचे हित वाटते तितके परस्परविरोधी नाही. थकलेला वैमानिक आणि न झोपलेला तंत्रज्ञ यांचा धोका व्यवस्थापनाच्या वातानुकूलित खोलीत बसणाऱ्यांपेक्षा विमानात बसणाऱ्याला अधिक आहे. पाळ्यांचे तक्ते संघटनेशी चर्चा करून सहा महिने आधी ठरले असते, किती वैमानिक कमी पडतात हे त्या चर्चेत उघड झाले असते, तर डिसेंबरमधील गोंधळाची तीव्रता निश्चितच घटली असती. आयर्लंडच्या रायनएअरने ३२ वर्षे कोणत्याही संघटनेला दाराशी उभे केले नव्हते. २०१७ मध्ये पाळ्यांचे गणित चुकून हजारो उड्डाणे रद्द करावी लागली आणि वैमानिक संपाच्या तयारीला लागले, तेव्हा त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिने मान्यतेचा निर्णय घेतला. जे शहाणपण संकटानंतर सुचते ते संकटापूर्वी सुचावे, यासाठीच कायदा असतो.

शिक्षक आणि कारकून यांना हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. राज्य सरकारी कर्मचारी आणि शिक्षक यांचा १९७७-७८ मधील ५४ दिवसांचा संप महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी पुन्हा संप झाला. त्या मागण्यांविषयी मतभेद असू शकतील; पण त्या मांडणारे कोण, हे सरकारला ठाऊक होते आणि सरकार त्यांच्याशी बोलले. आज ज्यांची मुले-मुली पदवी घेऊन विमानतळावर, हॉटेलांत, मालाच्या गोदामांत ठरावीक मुदतीच्या करारावर नोकरी करीत आहेत, त्यांना हे साधे सुख उपलब्ध नाही. औद्योगिक संबंध संहितेने वाटाघाटींचे टेबल निदान कागदावर तरी मांडले आहे. झालेल्या मतांची मोजणी, गुप्त मतदान, संघटना बांधणाऱ्याला बडतर्फीपासून तातडीचे संरक्षण आणि कंत्राटी कामगारांचा समावेश या चार गोष्टी सरकारने केल्या, तर त्या टेबलाभोवती माणसे बसू लागतील. त्या न केल्यास विमान कर्मचारी कधी न्यायालयात, कधी पुढाऱ्याच्या दारी, तर कधी डॉक्टरच्या दाखल्यामागे आपला हक्क शोधत राहतील, आणि त्याची किंमत दर वेळी विमानतळावर ताटकळणारा प्रवासीही मोजत राहील.